गाडीत बसल्या-बसल्या लस : ड्राइव्ह-इन लसीकरणाचा आढावा

लस घेणाऱ्याने वाहनातून न उतरता नोंदणी, चौकशी, टोचणी आणि त्यानंतरची देखरेख हे चारही टप्पे पुरे करायचे, ही ड्राइव्ह-इन लसीकरणाची पद्धत. तिची दोन रूपे आहेत. एकात गाड्या रांगेने पुढे सरकतात आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळे कर्मचारी भेटतात. हे खरे ‘ड्राइव्ह-थ्रू’. दुसऱ्यात गाडी एका जागी उभी राहते आणि कर्मचारी गाडीपाशी येतात, हे ‘ड्राइव्ह-इन’. भारतात सरसकट ‘ड्राइव्ह-इन’ हाच शब्द रुळला, आणि बहुतेक केंद्रांवर या दोहोंचे मिश्रण होते. या पद्धतीविषयीची चर्चा बहुधा सोयीपासून सुरू होते आणि गर्दीच्या आकड्यांवर थांबते. प्रत्यक्षात तिची बरीच अडचण आणि बराचसा वाद टोचल्यानंतरच्या पंधरा ते तीस मिनिटांभोवती आहे.

पार्श्वभूमी

कोविडच्या आधीही ही पद्धत होती. अमेरिकेत केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे 1990च्या दशकाच्या मध्यापासून फ्लूची लस गाडीत दिली जात होती. 2009 साली एच1एन1 फ्लूची साथ आली, तेव्हा त्याच शहरात विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमभोवती दोन दिवसांचे मोठे शिबिर झाले. 19 हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली आणि त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश गाडीत बसून होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे डॉक्टर एरिक वाइस आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रयोग केला. फ्लूसदृश लक्षणे असलेल्या रुग्णांना वाहनतळावर गाडीतच तपासता येईल का, हे त्यांनी सराव-रुग्ण घेऊन पाहिले. एका रुग्णाला लागणारा मध्यक वेळ 26 मिनिटे निघाला. रुग्ण एकमेकांपासून आपोआप वेगळे राहतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

फेब्रुवारी 2020 मध्ये दक्षिण कोरियाने ही कल्पना कोविड चाचणीसाठी उचलली. देगू शहरातील रुग्णालयाच्या आवारात गाडीच्या खिडकीतून नमुने घेतले जाऊ लागले आणि काही आठवड्यांत हे दृश्य जगभर पोचले. 2021च्या आरंभी हीच पद्धत लसीकरणासाठी वापरली जाऊ लागली. ॲरिझोनातील ग्लेनडेल येथील स्टेट फार्म स्टेडियम, लॉस एंजेलिसचे डॉजर स्टेडियम, साव पाउलोचे पाकाएम्बू स्टेडियम ही त्यांतली ठळक नावे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या मेल्टन येथे ऑगस्ट 2021 मध्ये बंद पडलेल्या एका हार्डवेअर दुकानाच्या भल्यामोठ्या शेडमध्ये त्या देशाचे पहिले असे केंद्र सुरू झाले.

मुंबईत 4 मे 2021 रोजी दादर पश्चिमेला कोहिनूरच्या सार्वजनिक वाहनतळावर महापालिकेने शहरातले पहिले ड्राइव्ह-इन केंद्र उघडले. दुसरी लाट भरात होती आणि नेहमीच्या केंद्रांबाहेर ज्येष्ठ नागरिक पहाटेपासून उन्हात उभे राहत होते. म्हणून येथे प्रामुख्याने 60 वर्षांवरील लोक आणि अपंग व्यक्तींना बोलावले गेले. नागपूर, अहमदाबाद, भोपाळ, दिल्ली येथेही त्याच महिन्यात मॉलची पार्किंगे, मैदाने आणि उघड्यावरची चित्रपटगृहे या कामी आली.

वाहनात बसलेल्याला जागेवरच डोस देण्याची सवय भारताला कोविडच्याही आधीपासून आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. पल्स पोलिओच्या दिवशी एसटी स्थानक, रेल्वे फलाट आणि टोलनाक्यांवर फिरती पथके असत. बसमध्ये चढायचे, आईच्या मांडीवरच्या बाळाच्या तोंडात दोन थेंब सोडायचे, डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावायची आणि पुढच्या बाकाकडे जायचे. हे काम बिनबोभाट होई, कारण थेंब पाजल्यावर कोणाला थांबवून ठेवावे लागत नसे. सुई आली की थांबणे आले.

खिडकी, दंड आणि सुई

कोविडची लस दंडाच्या स्नायूत द्यायची असते. खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटे सोडून जाड स्नायू लागतो, तेथे सुई काटकोनात जावी लागते. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत हे सोपे आहे. गाडीत खिडकीची खालची कड नेमकी दंडाच्या मध्यावर येते. परिचारिका उभी, माणूस खाली बसलेला आणि मध्ये दार. अशा वेळी सुई नकळत वरच्या बाजूला, सांध्याजवळ जाण्याची शक्यता वाढते. लस सांध्याजवळ गेल्यास खांदा कित्येक आठवडे किंवा महिने दुखत राहू शकतो. त्यामुळे काच खाली करून भागवू नये, दार पूर्ण उघडावे, आणि टोचणाऱ्याने शक्यतो स्टुलावर बसून दंडाच्या पातळीवर यावे, असा अनुभवी लोकांचा आग्रह असतो. तासाला तीस-चाळीस वेळा वाकणाऱ्या परिचारिकेच्या कमरेसाठीही तेच बरे.

भारतात स्टिअरिंग उजवीकडे असल्याने चालकाचा उजवा दंड दाराकडे येतो, शेजारच्याचा डावा. उजव्या हाताने कामे करणाऱ्या चालकाला डाव्या दंडावर लस हवी असेल तर त्याने पाय बाहेर काढून आसनावर वळून बसावे लागते किंवा सरळ खाली उतरावे लागते. मागच्या आसनावर मधोमध बसलेल्याला दोन्ही दारे लांब. म्हणून मागे दोघांपेक्षा अधिक जण बसवून आणू नयेत. कपड्यांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण रांगेतला वेळ खरा तेथेच जातो. घट्ट बाह्यांचा ब्लाउज किंवा मनगटाला बटण लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट वर सरकत नाही, आणि पुढच्या सीटवर, चारी बाजूंनी काचा असताना, बाही उतरवणे कोणालाही अवघडच. सैल अर्ध्या बाह्या हा साधा उपाय आहे.

लहान मुले आणि तान्ह्या बाळांसाठी ही व्यवस्था सोयीची नाही, याबद्दल फारसे दुमत नाही. बाळाला मांडीत लस देतात आणि त्यासाठी त्याला कोणीतरी घट्ट धरून बसावे लागते. गाडीत हे होऊ शकते, टाळेबंदीत काही बालरोगतज्ज्ञांनी करूनही दाखवले, पण दवाखान्यातले टेबल अधिक भरवशाचे.

चौकशीच्या टप्प्यावर आणखी एक अडचण येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, गरोदरपण आहे का, आधी एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का, हे प्रश्न खिडकीतून, घरच्यांसमोर विचारले जातात. सासऱ्यांच्या शेजारी बसलेली सून गरोदरपणाबद्दल मोकळे उत्तर देईलच असे नाही. काही केंद्रांनी यासाठी छापील तक्ता हातात देण्याची पद्धत ठेवली. ती चांगली, पण मराठी आणि हिंदी दोन्हींत, मोठ्या अक्षरात छापलेली हवी.

लस खरोखर टोचली गेली का, हा संशयही याच पद्धतीत अधिक डोके वर काढतो. 2021च्या आरंभी ब्राझीलमध्ये रिकामी सिरिंज टोचल्याचे किंवा दट्ट्या दाबलाच नसल्याचे व्हिडिओ नातेवाइकांनी काढले आणि त्यावरून चौकश्या झाल्या. त्यानंतर तेथे अनेक ठिकाणी भरलेली सिरिंज आधी आणि रिकामी झालेली नंतर दाखवण्याची रीत पडली. लस घेणाऱ्याने तसे मागणे गैर नाही, आणि बहुतेक परिचारिका आपणहून दाखवतात.

टोचल्यानंतरची पंधरा-तीस मिनिटे

लसीनंतर दोन गोष्टींसाठी थांबायचे असते. पहिली, तीव्र ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. ती अत्यंत दुर्मीळ आहे. सर्व लसी मिळून अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात तिचे प्रमाण दहा लाख डोसमागे 1.3 आढळले, फायझरच्या कोविड लसीबाबत अगदी सुरुवातीच्या दिवसांत ते दहा लाखांमागे सुमारे 11 नोंदले गेले. दुसरी गोष्ट भोवळ. तिचा लसीतल्या घटकांशी फारसा संबंध नसतो. सुई, भीती, रिकामे पोट आणि उकाडा यांनी रक्तदाब क्षणभर उतरतो आणि माणूस कोसळतो. ती ॲनाफिलॅक्सिसपेक्षा कितीतरी अधिक आढळते, तरुणांत विशेष, आणि बहुतेकदा पहिल्या पंधरा मिनिटांतच येते. केंद्रातल्या खुर्चीवर भोवळ आली तर माणूस आडवा केला जातो आणि काही मिनिटांत सावरतो. स्टिअरिंगमागे आली तर गोष्ट वेगळी.

येथे दोन बाजू स्पष्ट दिसतात. एका बाजूचे म्हणणे असे की गाडीतले आसन हीच भोवळ आलेल्यासाठी सुरक्षित जागा. पट्टा लावलेला, पाठ टेकलेली, पडायला जागाच नाही. लुईव्हिलच्या गटाने आपल्या पंधरा वर्षांच्या अनुभवाचा लेखाजोखा मांडताना गाडीत लस घेतलेल्यांपैकी कोणालाही भोवळ आल्याची नोंद नसल्याचे म्हटले आहे. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की नोंद न होणे आणि न घडणे यांत फरक आहे. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर काय झाले ते केंद्राला कळत नाही. शिवाय गाडीत बसलेला माणूस काचेआड असतो; त्याचा चेहरा पांढरा पडतोय हे रांगेतून चालणाऱ्या स्वयंसेवकाला दिसेलच असे नाही, आणि आसनावर ताठ बसलेल्या अवस्थेत बेशुद्ध राहणे आडवे होण्यापेक्षा वाईट.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ॲनाफिलॅक्सिसबाबत मात्र गाडी ही निःसंशय अडचणीची जागा ठरते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनालिन लगेच द्यायचे आणि रुग्णाला पाय वर करून सपाट झोपवायचे, ही पहिली पायरी. छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या आसनावरून सत्तर किलोच्या माणसाला बाहेर काढायला दोन माणसे आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. गाड्या खेटून लावलेल्या असतील तर दार अर्धेच उघडते. म्हणून देखरेखीच्या जागेत गाड्यांमधले अंतर आणि रुग्णवाहिकेला निघण्याची वेगळी वाट हे दोन मुद्दे केंद्र आखतानाच ठरवावे लागतात. नंतर सुचून उपयोग नाही.

कोविड लसीकरणात थांबण्याचा काळ देशोदेशी वेगळा होता. अमेरिकेत सर्वसाधारण 15 मिनिटे आणि पूर्वी तीव्र ॲलर्जी झालेल्यांना 30 मिनिटे. भारतात सरसकट सर्वांना 30 मिनिटे थांबण्याची सूचना होती. ब्रिटनने डिसेंबर 2021 मध्ये ओमायक्रॉनच्या वेळी बूस्टरची घाई म्हणून 15 मिनिटांची अट स्थगित केली, पण लस घेतल्यावर 15 मिनिटे गाडी चालवू नये हा सल्ला ठेवला. म्हणजे ॲलर्जीसाठी थांबवणे सोडले तरी चालकाला थांबवणे सुटले नाही.

या फरकाचा परिणाम थेट जमिनीच्या मापात दिसतो. तासाला 120 गाड्या, म्हणजे मिनिटाला दोन, या वेगाने लस द्यायची ठरवली तर 15 मिनिटांच्या देखरेखीत कोणत्याही क्षणी 30 गाड्या उभ्या असतील. 30 मिनिटांच्या देखरेखीत 60. एका गाडीला उभी राहण्याची जागा आणि येण्या-जाण्याची वाट मिळून साधारण 25 चौरस मीटर धरले, तर दुसऱ्या हिशेबात निव्वळ थांबण्यासाठी दीड हजार चौरस मीटर लागतात. नोंदणीची रांग वेगळीच. टोचणाऱ्यांची संख्या वाढवून वेग वाढेल असे संयोजकांना वाटते, पण देखरेखीचे आवार भरले की रांग मागे साचत रस्त्यावर येते. डॉजर स्टेडियमवर सुरुवातीच्या काळात लोकांना कित्येक तास गाडीत बसावे लागले. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील अली असगरी आणि सहकाऱ्यांनी अशा केंद्रांसाठी संगणकीय प्रतिरूप तयार केले. त्यात मार्गिका, टप्पे आणि कर्मचारी कमी-जास्त करून रांग कोठे तुंबते ते आधीच पाहता येते.

प्रत्यक्ष व्यवहारात एक युक्ती जवळजवळ सगळीकडे सापडते. टोचल्याची वेळ खडूने किंवा चिकटपट्टीवर लिहून पुढच्या काचेवर लावतात. मिनिटे पुरी झाली की स्वयंसेवक खूण करतो. अस्वस्थ वाटल्यास हॉर्न दाबायचा. एरवी हॉर्नने वैतागलेल्या शहरात हीच एक जागा, जेथे हॉर्न ऐकू आल्यावर माणसे धावत येतात. चालकाने थांबलेल्या वेळेत काच खाली ठेवावी, इंजिन बंद ठेवावे आणि मागच्या आसनावर झोपी गेलेल्या आजोबांना एकदा हाक मारून पाहावी.

ऊन, धूर आणि बर्फाची पेटी

मे महिन्यातल्या नागपुरात इंजिन बंद करून अर्धा तास गाडीत बसणे म्हणजे काय, हे सांगायला नको. वातानुकूलन चालू ठेवायचे तर इंजिन चालू, आणि शेकडो गाड्यांची इंजिने चालू राहिली तर धूर. छताखालच्या वाहनतळात कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो आणि त्याचा त्रास आठ तास उभे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना अधिक. उघडे मैदान घ्यावे तर ऊन आणि पाऊस. ग्लेनडेलचे केंद्र उन्हाळा तापू लागल्यावर दिवसाऐवजी रात्री चालवावे लागले. मुंबईत 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले त्या सुमारास शहरातले लसीकरणच थांबवावे लागले. बहुमजली वाहनतळ पावसापासून वाचवतो. म्हणून दादरची निवड बरी ठरली. हवा खेळती असेल तर छत आणि नसेल तर मैदान, असा सोपा नियम काही ठिकाणी सांगितला जातो. तो पुरेसा नाही, पण चुकीचाही नाही.

लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राखायची असते. केंद्रात ती बर्फाच्या पॅकांच्या पेटीत ठेवतात. गाड्यांच्या रांगेत पेटी वारंवार उघडली जाते आणि टेबल उन्हात असेल तर तापमान चढते. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस असत आणि कुपी उघडल्यावर चार तासांत संपवायची असे. दिवसाच्या शेवटी एका गाडीत तिघे असतील आणि पुढे कोणी नसेल, तर सात डोस वाया. चालत येणाऱ्यांच्या केंद्रात शेजारच्या इमारतीतून माणसे बोलावून कुपी संपवता येते. गाडीच्या केंद्रावर ते जमत नाही. यासाठी अनेक ठिकाणी चालत येणाऱ्यांची छोटी रांगही शेजारी ठेवली गेली.

गाडी नसलेल्यांचे काय

या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे. 2011च्या जनगणनेनुसार भारतात मोटार, जीप किंवा व्हॅन असलेली कुटुंबे 4.7 टक्के होती. दुचाकी असलेली 21 टक्के. तेव्हापासून प्रमाण वाढले असले तरी लसीचा तुटवडा असलेल्या महिन्यात वाहनतळावरचा प्रत्येक डोस गाडीवाल्यांकडे वळतो, आणि गाडीवाले आधीच अधिक सुस्थितीत असतात, असे टीकाकारांचे म्हणणे. अमेरिकेतही मोठ्या शहरांतील गाडी नसलेल्या कुटुंबांबद्दल हाच मुद्दा उठला. मे 2021 मध्ये तेथे लसीकरणासाठी टॅक्सीसेवांच्या मोफत फेऱ्या जाहीर झाल्या.

समर्थकांचे उत्तर दुर्लक्षिण्यासारखे नाही. गुडघे धरलेले, चाकाच्या खुर्चीवरचे, दम लागणारे लोक रांगेत उभेच राहू शकत नाहीत. मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीतून ते येतात आणि त्यांच्यासाठी ही सुखसोय नसते, एकमेव वाट असते. हे लोक ड्राइव्ह-इनकडे वळले की नेहमीच्या केंद्रातली गर्दीही कमी होते. टीकाकार त्यावर विचारतात, तसे असेल तर लसच घरी का नेऊ नये? मुंबई उच्च न्यायालयात 2021 साली नेमका हा वाद चालला. घरी लस देताना प्रतिक्रिया आल्यास उपचार कसे करणार, कुपी वाया जाणार, तापमान राखले जाणार नाही, अशी केंद्र सरकारची भूमिका होती. पुढे मे अखेरीस ‘घराजवळच्या केंद्रां’ची सूचना आली, जुलै अखेरीस मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यायला सुरुवात झाली आणि सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनेही त्याला मान्यता दिली. ड्राइव्ह-इन केंद्र हा नेहमीचे केंद्र आणि घरची लस या दोन टोकांमधला टप्पा होता.

दुचाकीस्वार आणि रिक्षाने येणारे यांचा विचार कोणत्याही आराखड्यात नीट झालेला दिसत नाही. दुचाकीवर भोवळ येणे गाडीतल्यापेक्षा धोक्याचे, त्यामुळे त्याला उतरवून सावलीत खुर्चीवर बसवावे लागते. म्हणजे त्याच्यापुरते ते साधे केंद्रच झाले. रिक्षातल्या प्रवाशाचे मीटर अर्धा तास चालू राहते.

अनुत्तरित प्रश्न

खर्चाचा हिशेब अजून नीट लागलेला नाही. गाडीच्या केंद्रात इमारत, खुर्च्या, निर्जंतुकीकरण यांचा खर्च वाचतो. पण वाहतूक पोलीस, शंकू, स्वयंसेवक, मंडप आणि जागेचे भाडे वाढते. ही जागा बहुधा फुकट मिळालेली असते, म्हणून ती हिशेबात येत नाही.

देखरेखीचा काळ कमी करावा का, यावरही एकमत नाही. ज्यांना पूर्वी कधी तीव्र ॲलर्जी झाली नाही त्यांना सोडून द्यावे, असा एक विचार. चालक आणि प्रवासी यांना वेगळे नियम लावावेत, हा दुसरा. दुसरा तर्काला धरून आहे, पण अमलात आणायला कठीण, कारण एका गाडीतले चौघे एकत्रच निघतात. घरातल्या त्या दिवशी लस न घेतलेल्या माणसाने गाडी चालवावी, हा सोपा तोडगा जेथे शक्य आहे तेथे वापरला जातो.

साथ ओसरल्यावर अमेरिकेतील अनेक जिल्ह्यांत दर शरद ऋतूत फ्लूच्या लसीसाठी अशी केंद्रे भरतात. भारतातली केंद्रे मागणी घटताच बंद झाली. येथे लहान मुलांच्या लसीकरणाची घडी पक्की आहे. प्रौढांना दरवर्षी द्यायच्या लसींचा तसा सार्वत्रिक सरकारी कार्यक्रम नाही, त्यामुळे वाहनतळ पुन्हा उघडावा अशी नियमित गरजही पडत नाही. पुढच्या साथीसाठी महापालिकांनी ही जागा, वाटा आणि विजेची सोय आराखड्यात आधीच राखून ठेवावी की ऐनवेळी मिळेल ती पार्किंग घ्यावी, हा निर्णय आजही ज्या-त्या शहरावर सोडलेला आहे.